लाल झाकणं

“पाचवा आला नाही तर स्पर्धाच नाही,” मोहसीन म्हणाला आणि त्यानं वर छताकडं पाहिलं. छताला पन्नासएक भोपळे टांगलेले होते, सुकवून पोखरलेले, सतारीसाठी. त्यातला एखादा खाली उतरून खेळायला बसेल अशी आशा असल्यासारखा तो बघत राहिला.

“धवलला परत लाव की फोन,” मी म्हटलं.

“तीनदा लावला. इचलकरंजीतनं हलतच नाही तो. ताईला बघायला पाहुणे आलेत म्हणे, अचानक. आई सोडंना. पोह्यांच्या बशा न्यायला कुणीतरी पाहिजे.”

“बशा मुलगी नेते. भाऊ कशाला?” प्रणित म्हणाला.

“ते तू त्याच्या आईला विचार.”

रविवारचे सकाळचे अकरा वाजले होते. मिरजेतल्या सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत मोहसीनच्या घराचा हा माळा. खाली त्याचे अब्बा सतारीची घोडी घासत बसलेले; थोडं घासायचं, तार छेडायची, परत घासायचं. एकच स्वर पुन्हापुन्हा वर यायचा. माळ्यावर लाखेचा आणि पॉलिशचा वास. मध्ये एक गोल टेबल, पाच खुर्च्या, आणि मोहसीन सोडून आम्ही चौघं. मी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रणित शेडबाळे सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. सॅम्युएल नर्सिंग शिकत होता आणि फार कमी बोलायचा. चौथे गुरव सर, शाळेत चित्रकला शिकवायचे. पत्त्यांवरच्या चित्रांसाठी म्हणून आले आणि अडकले.

खेळाचं नाव ‘ब्लडहाउस’. आम्ही नुसतं ‘हाउस’ म्हणायचो. मोहसीनचा चुलतभाऊ दुबईहून पत्त्यांची बंद पाकिटं आणायचा. कुठल्या पाकिटात काय निघेल ते फोडेपर्यंत कळायचं नाही, आणि मग महिनाभर आमची अदलाबदल चालायची. प्रत्येक जण एका हवेलीचा धनी. पत्त्यांवरचे व्हॅम्पायर त्याच्या पदरचे सरदार. प्रत्येकापाशी वीस थेंब रक्त. गोल बसायचं, आणि आपण फक्त आपल्या डाव्या हाताच्या माणसाचं रक्त प्यायचं. आपलं रक्त उजव्या हाताचा पिणार. हल्ल्यात उडालेले थेंब डब्यात जायचे; ज्याच्या घावानं समोरचा उठला, त्याला मात्र त्याचे शेवटचे थेंब मिळायचे. ज्याचं संपलं तो उठला, शेवटी उरेल तो जिंकला. प्रत्येकासमोर एक दाराचा पत्ता असायचा. दार उघडं ठेवलं तर आपले सरदार पूर्ण ताकदीनं बाहेर पडतात, पण उजवीकडच्याचेही तेवढ्याच ताकदीनं आत शिरतात. बंद ठेवलं तर येणं आणि जाणं दोन्ही निम्मं. खेळाची सगळी गंमत त्या दारात होती.

थेंब म्हणून आमच्याकडं लाल झाकणं होती. रक्त गोळा करायच्या नळ्यांना असतात ती, रबरी. माझी आई रक्तपेढीत टेक्निशियन. मुदत संपलेल्या कोऱ्या नळ्या टाकून द्यायच्या आधी तिनं माझ्यासाठी त्यांची झाकणं काढून ठेवली होती. शंभर. गरम पाण्यात उकळून, उन्हात वाळवून, श्रीखंडाच्या डब्यात भरून.

त्या वर्षी कंपनीनं बंगळूरला मोठी स्पर्धा ठेवली होती. गावोगावच्या विजेत्याला तिथं एक जागा. जाणं, येणं, राहणं सगळं त्यांच्याकडून. अट एवढीच की टेबलावर पाच खेळाडू पाहिजेत आणि कागदावर पंचाची सही. पंचाला खेळता येत नाही, आणि आमच्यात पंचाचं पत्र फक्त मोहसीनकडं होतं.

मला बंगळूरला जायचं होतं. आई-बाबांशिवाय मी कोल्हापूरच्या पुढं गेलेली नव्हते. बाबा साखर कारखान्यावर, शनिवार-रविवारचे घरी यायचे, तेही सीझन नसेल तर. त्यांनी फोनवर “आई म्हणेल ते” म्हणून अंग काढून घेतलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “जिंकलीस तर जा.” मी त्याच संध्याकाळी घरच्या माळ्यावरून बॅग काढून पुसून ठेवली. कॉलेजात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

आणि आता इचलकरंजीत कुणीतरी पोहे खात होतं म्हणून ते सगळं बुडणार होतं.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

“शलाके, डबा विसरलीस,” आई जिन्यातूनच म्हणाली. मग भोपळे चुकवत, वाकून आत आली. सकाळच्या रक्तदान शिबिरातून तशीच आलेली. पांढरा कोट हातावर घडी घातलेला, खांद्याला ती मोठी काळी पर्स. “जिना आहे का काय हा! अब्बांना म्हणावं एक कठडा तरी बसवा. काय झालं? तोंडं का अशी सगळ्यांची?”

मी तिच्याकडं बघितलं. मग मोहसीनकडं.

“आई खेळेल,” मी म्हटलं.

“काय?”

“काकूंना येतं?” सॅम्युएलनं विचारलं.

“सहा महिने रोज माझ्याशीच खेळते.”

ते खरं होतं. घरी सरावाला कुणी नव्हतं. मी पलंगावर पत्ते मांडायचे आणि समोरचा हात आई खेळायची. कधी मटार सोलता सोलता, कधी तांदूळ निवडता निवडता. माझ्या चांगल्या पत्त्यांतून जे उरतील ते तिचे. मंद, म्हातारे, कुणाला नको असलेले सरदार. त्यात चष्मा लावलेली एक बोडक्या डोक्याची म्हातारी होती. आई तिला ‘आमच्या मेट्रन’ म्हणायची. हे उरलेले पत्ते त्या दिवशीही माझ्या पिशवीत होते. आणि आई रोज हरायची. मी जिंकले की म्हणायची, “हुशार आहेस बाई तू,” आणि उठून कुकर लावायची.

“वेड लागलंय का तुला?” आई म्हणाली. “घरी सगळं तसंच पडलंय.”

“आई, प्लीज. पाचजण नसले तर रद्द होणार. तू नुसती बस.”

‘नुसती बस’ हे ऐकून प्रणितनं भुवई उडवली, पण मला तेव्हा कशाचंच काही नव्हतं. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा रडवेली झाले होते बहुतेक. तिनं कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला.

“किती वेळ लागेल रे, मोहसीन?”

“दोन तास, काकू. नाव लिहितो. वृंदा... व्यवसाय?”

“रक्तपेढीत टेक्निशियन.”

माळ्यावर हसू फुटलं. “म्हणजे काकूंचा रोजचाच धंदा,” प्रणित म्हणाला.

“प्रणित,” गुरव सर म्हणाले, “जरा वडीलधारं माणूस बघून बोल.”

“असू दे ओ सर, खरंच आहे,” आई म्हणाली. “सकाळपासून बेचाळीस जणांचं काढलंय. एकाला चक्कर आली फक्त, आणि तो पैलवान होता.”

जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या. माझ्या डावीकडं प्रणित, त्याच्या डावीकडं सॅम्युएल, मग गुरव सर. आणि सरांच्या डावीकडं, म्हणजे माझ्या उजवीला, आई. माझं रक्त पिणारी.

मी हसू दाबायला खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला.

कारण मला एक गोष्ट माहीत होती. अकरा वर्षांची असताना मला ताप आला होता, उतरायचं नाव घेत नव्हता. रोज रक्त तपासायचं होतं. आईचा हात अख्ख्या मिरजेत हलका; सुई कळत नाही म्हणून लोक तिची ड्युटी विचारून यायचे. पण माझं रक्त काढायला रोज तिच्याबरोबर काम करणारे देशिंगकर काका यायचे. त्यांचा हात जड. मी ओरडायचे. आई बाहेर पॅसेजमध्ये भिंतीकडं तोंड करून उभी असायची. “अहो, तुम्हीच काढा की,” काका एकदा वैतागून म्हणाले. आई म्हणाली, “माझा हात चालत नाही हो तिच्यावर.”

ते वाक्य मी आठ वर्षं जपून ठेवलं होतं. त्या दिवशी मी ते खर्चाला काढलं.

पहिल्याच फेरीला मी दार उघडलं. टेबलावर बाकी सगळ्यांची दारं बंद. सुरुवातीला असंच खेळतात. एक डोळा डावीकडं, एक उजवीकडं. मी मात्र उजवीकडं बघितलंच नाही. एकामागून एक सरदार उतरवत गेले. सरदार उतरवायलाही आपलंच रक्त खर्चावं लागतं, मोठ्याला जास्त. माझी लाल झाकणं विसाची चौदा झाली, चौदाची दहा. पण समोर प्रणितची हवेली हादरत होती. दर फेरीला त्याची दोन, तीन झाकणं माझ्या हल्ल्यानं उडत होती.

“ही चांगलीच सुटलीय आज,” प्रणित म्हणाला. आवाजात मस्करी होती, पण तो पत्ते दोनदा मोजत होता.

आईची पाळी आली की ती पत्ते बघायची, एखादा सरदार उतरवायची, आणि म्हणायची, “पास.”

“हल्ला, काकू?” मोहसीन विचारायचा.

“नको. पास.”

तिचं दार बंद. गुरव सर तिच्यावर चालून जायचे, पण बंद दारातून निम्मंच आत जायचं. सर हल्ला करतानाही पत्ता आधी सगळ्यांना दाखवायचे, “काय शेडिंग केलंय बघा या झग्याचं,” आणि त्या नादात स्वतःच्या उजवीकडं सॅम्युएल काय करतोय ते विसरायचे. तासाभरात सॅम्युएलनं एक शब्द न बोलता त्यांचं शेवटचं झाकण उचललं.

“संपलं?” सर म्हणाले. “अरेच्चा. बरं झालं, आता नीट बघता येईल.” आणि खुर्ची मागं घेऊन त्यांनी खिशातनं पेन्सिल काढली, वहीत भोपळे काढायला लागले.

चौघं उरलो. माझी नऊ झाकणं. प्रणितची सहा. सॅम्युएलची अकरा. आईची पंधरा, आणि तिच्या पुढ्यात ते सगळे म्हातारे सरदार, न थकलेले, एकदाही घराबाहेर न पडलेले. मध्यभागी मेट्रन.

“पास,” आई म्हणाली.

प्रणितनं पत्ते पालथे घातले.

“मोहसीन, हे चाललंय काय? हिचं दार सकाळपासून सताड उघडं आहे. आम्ही इथं जीव मुठीत धरून दारं लावून बसलोय, आणि हिला उजवीकडून काडीची भीती नाही. ही माझ्याशी एकटी खेळत नाहीये. मायलेकी मिळून खेळतायत.”

“तसं काही नाही,” मी म्हटलं.

“नाही? मग काकू एकदाही का आल्या नाहीत?”

मोहसीन अवघडला. माझ्या आईच्या हातचा शिरा त्यानं कितीदा खाल्लेला. पण पंचाचं पत्र त्याच्या खिशात होतं. “काकू,” तो म्हणाला, “नियम असा आहे, ज्यानंत्यानं स्वतःसाठी खेळायचं. दुसऱ्याला जिंकवायला कुणी बसलं तर टेबलच रद्द. मला एक ताकीद द्यायला लागेल. परत झालं तर मी सही करू शकणार नाही. मग कुणीच नाही जाणार.”

“कुणीच?” आईनं विचारलं.

“कुणीच.”

आईनं पत्ते खाली ठेवले. “बाळांनो, मला नाही जमायचं हे. दुसऱ्या कुणाला बसवा माझ्या जागी.”

“आता नाही बदलता येत, काकू.”

सगळे माझ्याकडं बघत होते. सॅम्युएलसुद्धा. मला आईचा राग आला होता. इतका वेळ छान चाललेलं, हिला जरा खोटं खोटं एखादं झाकण घेता येत नव्हतं? दोन झाकणं घेतली असती तर कुणी बोललं नसतं. मला अजून एकच फेरी पाहिजे होती. एका फेरीत प्रणित संपत होता, त्याचं रक्त मला मिळत होतं, आणि मग सॅम्युएल काय, बघून घेतलं असतं.

“आई, नीट खेळ ना,” मी म्हटलं. सगळ्यांसमोर, वरच्या पट्टीत. “लहान मुलीसारखं काय वागवतेस मला? घे की माझं रक्त. मी काय मरणार आहे का?”

खाली तार वाजली. थांबली. परत वाजली.

माझी पाळी होती. नियमाप्रमाणं पाळी सुरू होताना दार लावता येतं. कुठल्याही शहाण्या माणसानं त्या क्षणी लावलं असतं. ताकीद मिळालेली, उजवीकडं चार ताजेतवाने सरदार. पण दार लावलं तर माझा हल्ला निम्मा होणार आणि प्रणित वाचणार. मी दाराच्या पत्त्याला हात लावला आणि तसाच ठेवला. उघडा. आणि माझ्याकडचा सगळ्यात मोठा सरदार, तीन झाकणं मोजून, खाली उतरवला. नवाची सहा राहिली. त्या सरदाराला घेऊन मी प्रणितवर गेले. त्यानं हातातले सगळे पत्ते आडवे टाकून कसाबसा दोन झाकणांवर जीव वाचवला.

“वाचलो,” तो म्हणाला आणि कपाळ पुसलं. “पुढच्या फेरीला मेलो.”

“होय,” मी म्हटलं. फार गोड वाटलं ते म्हणताना.

प्रणितचं झालं, सॅम्युएलचं झालं. आईची पाळी आली.

ती माझ्या दाराच्या पत्त्याकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, मला आजही ते लख्ख आठवतं, मी किंचित हसले. आपल्याला माहीत आहे ना, तसं.

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं. रागावली नाही ती. पर्समधून तिनं चष्मा काढला, घातला, आणि खुर्ची एक इंच पुढं ओढली. शिबिरात समोर कुणी येऊन बसलं की ओढते तशी.

“शलाका,” ती म्हणाली. घरी ती मला शलू म्हणते, चिडली तर शलाके. हा तिचा कामावरचा आवाज होता. “दार उघडं आहे ना तुझं?”

“हो.”

“नक्की? नंतर म्हणशील, सांगितलं नाही.”

“उघडंच आहे.”

“बरं. मग तिकडं बघ.”

ती सगळ्यांना हेच सांगते. सुई टोचायच्या आधी. तिकडं बघा, खिडकीकडं बघा, नाव काय म्हणालात तुमचं, आणि तेवढ्यात झालेलं असतं.

मी तिकडं बघितलं नाही. मी तिच्या हाताकडं बघत राहिले. तिनं तिचं दार उघडलं. सकाळपासून पहिल्यांदा. मग एक एक म्हातारा सरदार आडवा करून माझ्यावर सोडला. दोन थेंब, एक थेंब, परत एक. शेवटी मेट्रन. “हिचे तीन ना रे, मोहसीन?”

“तीन, काकू,” मोहसीन अगदी हळू म्हणाला.

सहा झाकणांना सात थेंबांचा घाव. अडवायला माझ्या हातात एकही पत्ता नव्हता. सगळं मी प्रणितवर उधळलं होतं. आईनं माझी सहा झाकणं चिमटीनं एक एक उचलली आणि स्वतःच्या ढिगात न मिसळता शेजारी वेगळी, एका ओळीत ठेवली.

गुरव सरांची पेन्सिल थांबली होती.

मी उठायला लागले. डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते. आईनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला, उजव्या हातानं पर्सची चेन उघडली आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा छोटा पुडा काढून माझ्यासमोर ठेवला. शिबिरातला उरलेला.

“लगेच उठायचं नाही,” ती म्हणाली. “बिस्कीट खा. दहा मिनिटं बस.”

प्रणित आधी हसला, मग सॅम्युएल. मी सॅम्युएलला मोठ्यानं हसताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मलाही हसू आलं, रडूसकट. मी बिस्कीट खाल्लं. मोहसीन पाणी घेऊन आला.

पुढचं मी बसून बघितलं. मी गेल्यावर आईच्या डावीला प्रणित आला, दोन झाकणांचा, माझ्याच हातानं सोललेला. तो एका फेरीत उठला. उठताना म्हणाला, “काकू, मला पण बिस्कीट.” तिनं दिलं. मग ती आणि सॅम्युएल, पाऊण तास. ती कधी दार लावायची, कधी उघडायची, कधी उघडं ठेवून त्याला आत यायला लावायची आणि मग लावायची. सहा महिन्यांत घरी मी तिला असं खेळताना बघितलं नव्हतं. मटार सोलता सोलता तिनं माझा सगळा खेळ बघून ठेवला होता, आणि माझ्या टाकाऊ पत्त्यांत काय दडलंय तेही.

सॅम्युएलचं शेवटचं झाकण उचललं तेव्हा दीड वाजला होता. तो उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरून म्हणाला, “सिस्टर, मानलं.”

मोहसीननं कागद पुढं ओढला. घसा साफ केला. “काकू, जिंकलात. आता, तुम्ही काय बंगळूरला जाणार नाही, तर नियमाप्रमाणं दुसऱ्या नंबरचं नाव...”

“कधी आहे ते?” आईनं विचारलं.

“सतरा तारखेला. रविवार.”

“सोमवारी माझी दुपारची ड्युटी. सकाळपर्यंत येता येईल?”

“येईल की,” मोहसीन म्हणाला. मग त्याला कळलं. “तुम्ही...?”

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती पर्सची चेन लावत होती आणि चेन अडकली होती. “लिही माझं नाव,” ती म्हणाली. “जिंकलेय ना मी?”

घरी येताना आम्ही चालत आलो. ती पुढं, मी दोन पावलं मागं. स्टेशनच्या चौकात तिनं मागं वळून बघितलं.

“रागावलीस?” तिनं विचारलं.

“तू मला हरवलंस.”

“तू दार उघडं ठेवलंस.”

“मला वाटलं तू घेणार नाहीस.”

“होय,” आई म्हणाली. “मलाही तसंच वाटत होतं.” चार पावलं गेल्यावर म्हणाली, “पण तू हसलीस ना, ते बरं नाही वाटलं मला.”

मी तिच्या हातातला डबा घेतला. तो तसाच भरलेला होता, कुणी उघडलाच नव्हता. आम्ही स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून पोळी-भाजी खाल्ली. खाताना तिनं मला विचारलं, बंगळूरला थंडी असते का गं, आणि मी म्हटलं, शाल घे.

सोळा तारखेला मीच तिला गाडीत बसवलं. पुसून ठेवलेली बॅग तिच्यासाठी भरली. पत्ते रबर लावून दिले. माझ्या चांगल्यांतले नऊ त्यात घातले, तिनं त्यातले आठ परत काढले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिनं हात बाहेर काढला. नुसता हलवला नाही. तळवा वर, मूठ घट्ट, दंड सरळ. आता माझं काढा म्हणाल्यासारखा. फलाटावर मी एकटीच हसत उभी, लोक बघत होते.

सोमवारी सकाळी ती आली ती थेट आंघोळीला गेली. मी दाराबाहेरून विचारलं, “कितवी आलीस?”

“शेवटून दुसरी,” आतून आवाज. “पहिल्याच टेबलावर गारद.”

“अगं, कशी काय?”

पाण्याचा आवाज थांबला. “डाव्या हाताला एक पोरगी होती. तुझ्याच वयाची, हैदराबादची. एकटी आलेली.”

“मग? हात नाही चालला?”

“चालला की. तिचं घेतलं. तिच्या पलीकडच्या टकल्याचं नाही जमलं.” मग हसत म्हणाली, “फार मोठं गाव आहे गं. पुढच्या वर्षी तू जिंक. बघण्यासारखं आहे.”

पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. पाकिटं यायची थांबली, मोहसीन आखातात गेला, प्रणितला पुण्यात नोकरी लागली. पत्ते कुठं गेले मला माहीत नाही. मेट्रन तेवढी आईच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर उभी असते, आरशाला टेकून. लाल झाकणांचा डबा माझ्याकडं आहे.

माझी लेक इरावती सहा वर्षांची झाली. दुपारी धाकटा झोपला की मला तासभर मिळतो, आणि त्यातला अर्धा तिचा असतो. आम्ही सापशिडी खेळतो. तिची सोंगटी लाल झाकण, माझीही लाल झाकण, माझ्या झाकणावर पेनानं फुली. साप जवळ आला की मी तिची घरं मोजताना एक घर खाल्लेलं असतं, किंवा जास्त मोजलेलं असतं. ती कधीच सापाच्या तोंडात जात नाही. ती रोज जिंकते. मी म्हणते, हुशार आहेस बाई तू, आणि उठून गॅसकडं जाते.

परवा ती पंच्याण्णववर होती. तीन पडले. अठ्ठ्याण्णववर साप. मी झाकण उचललं आणि तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती आणि किंचित हसत होती.

मी मोजलं. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. आणि तिचं झाकण सापाच्या अंगावरून सरकवत अठ्ठावीसवर आणून ठेवलं.

तिचा ओठ थरथरला. ती उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं, मागच्या फळीवरून बिस्किटांचा पुडा काढला आणि एक तिच्या हातात ठेवलं.

“लगेच उठायचं नाही. खा आधी.”

ती बसली. नाक ओढत तिनं अर्धं बिस्कीट खाल्लं. उरलेलं अर्धं माझ्यासमोर ठेवलं, आणि फासा माझ्याकडं सरकवला.

“आई,” ती म्हणाली, “आज तू खरं मोजलंस ना?”